रस्त्याच्या अलीकडचं मत

प्रश्न : ताई, आम्ही नोव्हेंबर 2019 पासून नेदरलँड्समध्ये केर्कराडेला राहतो. दोघांचेही पासपोर्ट भारतीय. यंदा मार्चमध्ये नगरपालिकेच्या निवडणुकीसाठी आमच्या नावाने मतदानाची पत्रं आली. दुसऱ्या देशात मत दिलं तर भारतीय नागरिकत्व जाईल, अशी भीती यांना वाटली. समोरच जर्मनीच्या हद्दीत माझी सोलापूरची मैत्रीण आठ वर्षं राहते, तिला असं पत्र कधीच आलेलं नाही. पत्रं चुकून आली असतील असं समजून आम्ही ती फाडून टाकली. आता मनाला रुखरुख लागली आहे. आमचं चुकलं का?
– एक वाचक, केर्कराडे

उत्तर : पत्रं चुकून आली नव्हती, तुमच्या हक्काचीच होती. तुमच्याच गावात मी चौदा वर्षं राहतेय, त्यामुळे ते पाकीट फाटल्याचं वाचून खरंच जीव हळहळला.

आधी भीती काढून टाका. आपण होऊन दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, हे 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमात आहे. मत देणं म्हणजे नागरिकत्व घेणं नव्हे. आपल्याकडे मतदार यादीत नाव असणं ही भारतीय असल्याचीच खूण, म्हणून यांना तसं वाटणं साहजिक आहे. इथेही संसदेसाठी मत फक्त डच नागरिकांनाच देता येतं. पण गावचा कारभार कोणी बघायचा, हे गावात राहणाऱ्या सगळ्यांना विचारतात. त्यासाठी 1983 मध्ये राज्यघटना बदलली, 1985 मध्ये कायदा केला आणि 1986 च्या नगरपालिका निवडणुकीत परदेशी रहिवाशांनी पहिल्यांदा मत दिलं. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला अट एवढीच, की कायदेशीर वास्तव्य सलग पाच वर्षांचं हवं. तुमची पाच वर्षं 2024 च्या नोव्हेंबरातच भरली. मतच काय, तुम्ही नगरसेवकपदासाठी उभ्याही राहू शकता.

माझं पहिलं मत 21 मार्च 2018 चं. ओळख पटवायला भारतीय पासपोर्ट घेऊन गेले, तर तो चालत नाही म्हणाले. इथलं वास्तव्याचं कार्ड लागतं. धावत घरी येऊन कार्ड नेलं. मतपत्रिका उघडलेल्या वर्तमानपत्राएवढी. आडोशामागे लाल पेन्सिल. हव्या त्या नावापुढचा पांढरा गोल लाल करायचा आणि कागदाच्या घड्या घालून चाकं लावलेल्या मोठ्या पेटीत टाकायचा. गोल रंगवताना हात थरथरत होता. सहा वर्षं ज्या गावाचे कर भरले, त्या गावाने पहिल्यांदा मला काही विचारलं होतं.

आता तुमच्या मैत्रिणीचं. जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन आणि हाम्बुर्ग या राज्यांनी परदेशी रहिवाशांना असा हक्क द्यायचा प्रयत्न केला होता. 31 ऑक्टोबर 1990 ला तिथल्या घटना न्यायालयाने तो रद्द केला. सत्ता जनतेकडून येते आणि जनता म्हणजे जर्मन नागरिक, असा तो निकाल. पुढे 5 फेब्रुवारी 1992 ला स्ट्रासबुर्गमध्ये युरोप परिषदेचा एक करार सह्यांसाठी खुला झाला. परदेशी रहिवाशांना सभा-संघटनेचं स्वातंत्र्य असावं, त्यांची सल्लागार मंडळं असावीत आणि पाच वर्षांनी स्थानिक मताचा हक्क मिळावा, असं तो म्हणतो. नेदरलँड्स त्यात आहे, जर्मनी नाही. त्यानंतर दोनच दिवसांनी, आपल्या शेजारच्या मास्ट्रिख्टमध्ये, युरोपीय संघाच्या करारावर सह्या झाल्या आणि संघातल्या नागरिकांना एकमेकांच्या गावांत मताचा हक्क मिळाला. त्यामुळे पलीकडे राहायला गेलेला डच माणूस तिथे मत देतो. आठ वर्षं तिथे संसार करणारी तुमची मैत्रीण देऊ शकत नाही. मला हे आजही पटत नाही.

तिच्यासाठी एक लहान वाट आहे. तिच्या राज्यात मोठ्या गावांमधून परदेशी रहिवासी स्वतःचे प्रतिनिधी निवडून नगरपालिकेच्या एका समितीवर पाठवतात. समितीचा अधिकार सल्ल्यापुरता, पण तिथे म्हणणं नोंदवलं जातं. आपल्या गावात अशी समिती आहे का, हे तिने राटहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या कचेरीत, जाऊन विचारावं.

आणि तुमचं मत अलीकडच्या फुटपाथवर थांबत नाही, हे तिलाही सांगा. आपल्या निउस्त्रात या रस्त्याच्या मधोमध सीमा आहे. अलीकडे नारिंगी टपालपेटी, पलीकडे पिवळी. अलीकडे पिवळ्या पाट्यांच्या गाड्या, पलीकडे पांढऱ्या. 1995 पर्यंत मध्ये गुडघ्याखाली येईल एवढीच एक बुटकी भिंत होती. समोरच्या घरी टाकलेलं पत्र परदेशी टपालाने फिरून यायचं, असं माझ्या शेजारच्या आजी सांगतात. भिंत गेली, आणि 1998 मध्ये केर्कराडे आणि पलीकडचं जर्मन हेर्त्सोगेनराथ या दोन नगरपालिकांनी मिळून ‘युरोड’ ही संस्था काढली. 1980 च्या माद्रिद करारामुळे युरोपात सीमेच्या दोन्हीकडच्या गावांनी मिळून करायच्या अशा कामाला चौकट मिळाली होती. डच-जर्मन करार झाल्यावर नगरपालिकांना परस्पर कायदेशीर संस्था उभी करता आली, दर वेळी दोन राजधान्यांकडे बघत बसायला नको. युरोडच्या सभेत दोन्हीकडचे नगरसेवक बसतात. अलीकडचे कोण बसणार, ते आपल्या मतांवर ठरतं. म्हणजे मैत्रिणीच्या दारातल्या रस्त्यावर तिचं मत पोचत नाही, पण तुमचं पोचतं.

मी दोडामार्गची. आजी आजारी पडली तेव्हा तिला घेऊन आम्ही गोव्यात बांबोळीलाच धावलो होतो. आपल्या राज्यातलं मोठं इस्पितळ कितीतरी लांब. सीमेवरच्या माणसाचा दवाखाना आणि बाजार पलीकडे असतो, मत मात्र अलीकडे असतं. म्हणून युरोडसारख्या कामाचं मोल मला जरा जास्तच वाटतं.

नगरपालिकेची पुढची निवडणूक 2030 च्या मार्चमध्ये. पण तोवर थांबायचं कारण नाही. मार्च 2027 मध्ये वाटरस्खापची, म्हणजे बंधारे, ओढे-नद्या आणि पूर बघणाऱ्या पाणी मंडळाची निवडणूक आहे आणि तिथेही परदेशी रहिवाशांना मत आहे. जुलै 2021 मध्ये इथून जवळच फाल्केनबुर्गमध्ये खूल नदीचं पाणी घराघरांत शिरलं होतं. आपली वुर्म तर आखेनहून वाहत येते, जर्मनीतला पाऊस घेऊन. त्याच दिवशी प्रांताचीही निवडणूक असते. ते मत मात्र डच नागरिकांचं. तुम्हाला एकच स्टेमपास, म्हणजे मतदानाचं पत्र, येईल. दुसरा का नाही आला म्हणून परत घाबरू नका.

तेव्हा सोलापूरला गेलेल्या असाल, तर स्टेमपासच्या मागे सही करून ओळखपत्राच्या प्रतीसह तो विश्वासातल्या शेजाऱ्याकडे द्या. स्वतःच्या मताबरोबर आणखी दोघांची मतं नेता येतात, म्हणजे तुम्हा दोघांना एकच शेजारी पुरेल.