पत्रकाच्या तळाची बारीक ओळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वहिनी नगरपरिषदेला उभ्या आहेत. समोरच्यांनी रात्रीतून पत्रक वाटलंय की तुमच्या वडिलांनी नगराध्यक्ष असताना पाण्याच्या टाकीत पैसे खाल्ले. आता गटातली पोरं म्हणतात, "आपणही छापू, त्यांचंही आपल्याला ठाऊक आहे." शिवाय 'आम्ही केलेली कामे' या मथळ्याखाली गेल्या तीन-चार वर्षांतले रस्ते घालावेत का, हेही विचारलंय.

मी तालुक्याच्या गावात पस्तीस वर्षं छापखाना चालवला. आधी ट्रेडल, मग ऑफसेट, शेवटी फ्लेक्स. सगळ्या पक्षांचं छापलं आणि निम्म्या पक्षांची बिलं बुडाली. तेव्हा हे उत्तर वकिलाचं नाही, छापणाऱ्याचं आहे.

समोरच्यांचं पत्रक हातात घ्या आणि मजकुराच्या आधी त्याचा तळ वाचा. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, पत्ता काय? लोकसभा-विधानसभेसाठी ही ओळ लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१च्या कलम १२७अ नं सक्तीची आहे. प्रकाशकानं सही करून लिहून द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर सह्या करायच्या, मगच छपाई. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नगरपरिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, पण तळाच्या ओळीची अट तिथंही आहे. ओळ नसेल तर टाकीचा आरोप खरा की खोटा यात शिरूच नका. नाव नसलेलं पत्रक, एवढीच तक्रार लेखी द्या. नाव नाही हे सिद्ध करायला साक्षीदार लागत नाही, कागद पुरतो.

ही ओळ मला इतकी महत्त्वाची का वाटते, ते सांगतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पालिकेच्या निवडणुकीत एक जण रात्री दहाला मजकूर घेऊन आला. विरोधी उमेदवाराच्या घरातल्या भांडणाबद्दल होता. पैसे रोख, तेही दुप्पट, आणि तळाला काही छापायचं नाही. मी छापलं. हजार प्रती, सकाळी सहापर्यंत. चौथ्या दिवशी तो उमेदवार दुकानात आला. हातात ते पत्रक आणि दुसऱ्या हातात त्याच्याच मुलीची लग्नपत्रिका, माझ्याकडेच छापलेली. माझ्या खिळ्यांमधल्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांमधल्या, एका 'ज'ची शेपटी तुटली होती. दोन्ही कागदांवर तोच तुटका 'ज'. आरडाओरडा केला नाही त्यानं. दोन्ही कागद काउंटरवर ठेवले आणि गेला. तो खिळा मी त्याच दिवशी फेकून दिला, पण त्यानं काय होणार होतं? नंतर बिननावाचं एकही पत्रक घेतलं नाही. त्यापायी गिऱ्हाईकं गेली, तीही चांगली.

म्हणून पोरांना एकच विचारा, तुमच्या उत्तराच्या पत्रकाखाली प्रकाशक म्हणून कुणाचं नाव घालायचं? पूर्ण नाव, गल्लीसकट पत्ता. माझ्या दुकानात हा प्रश्न आला की दहातली आठ पत्रकं तिथंच थांबायची. उरलेल्या दोनांतली वाक्यं आपोआप सौम्य व्हायची.

कायद्याचंही ऐका. भारतीय न्याय संहितेचं कलम १७५ (जुन्या दंड संहितेचं १७१जी) म्हणतं की निकालावर परिणाम करण्याच्या हेतूनं उमेदवाराच्या खासगी चारित्र्याबद्दल किंवा वर्तनाबद्दल खोटं विधान, खोटं आहे हे ठाऊक असून किंवा खरं आहे असं स्वतः न मानता, वस्तुस्थिती म्हणून छापलं तर दंड. हे पालिकेलाही लागू आहे. यातला शब्द 'उमेदवार' आहे. तुमच्याकडच्या पत्रकानं वहिनींना सोडून सासऱ्यांवर नेम धरलाय, तो योगायोग नसावा. लिहिणारा मुरलेला आहे. अशा वेळी १७५ लंगडं पडतं, वडिलांना बदनामीचा रस्ता घ्यावा लागतो (कलम ३५६), आणि तो खटला निवडणुकीच्या आत निकाली निघत नाही. त्यापेक्षा टाकीच्या कामाची निविदा, अदा केलेली बिलं आणि लेखापरीक्षणाचा शेरा काढा. शेरा स्वच्छ असेल तर तोच छापा, तारखेसकट, एकही विशेषण न लावता. शेरा वाईट असेल तर गप्प बसा, आणि वडिलांना घरी विचारा.

आता कामांची यादी. आपल्याकडे पत्रकात सरळ खोटं क्वचितच असतं, खोटेपणा क्रियापदात दडलेला असतो. 'मंजूर', 'प्रस्तावित', 'प्रयत्नातून', 'पाठपुराव्याने', हे चार शब्द मी इतक्या वेळा छापलेत की त्यांचा तयार ब्लॉकच करून ठेवायला हवा होता. एका रस्त्याची प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यारंभ आदेश आणि शेवटी काम पूर्ण, असे पाच टप्पे. पहिल्याच टप्प्याला नारळ फुटतो, फोटो निघतो आणि पत्रकात 'रस्ता दिला' छापून येतं. वाचणारा त्याच रस्त्याच्या खड्ड्यात उभा असतो!

त्यात तुमची अडचण वेगळी. २०२२पासून महाराष्ट्रातल्या बहुतेक पालिकांवर प्रशासक, म्हणजे सरकारी अधिकारी, होते. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका अडकल्या, मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, तेव्हा कुठे त्या लागल्या. मधल्या काळात सभागृहच नव्हतं. ठराव प्रशासकाच्या सहीनं झाले, पैसे नगरोत्थान, अमृत अशा सरकारी योजनांतून, वित्त आयोगाच्या अनुदानातून आले. मग त्या रस्त्याखाली 'आम्ही केलेली कामे' कसं लिहिणार? समोरचेही तेच रस्ते स्वतःच्या नावावर छापणार आहेत, पैज लावतो. तुमच्या गटानं निवेदनं दिली असतील तर 'अमुक तारखेला निवेदन दिले' एवढंच लिहा आणि पोचपावतीचा फोटो लावा. जुन्या सभागृहाच्या काळातल्या कामांसाठी सभेचं इतिवृत्त काढा, त्यात ठरावाचा सूचक आणि अनुमोदक नावानिशी असतो. पाणीपट्टी कुणी वाढवली याचं उत्तरही तिथंच सापडतं. कधी कधी आपलंच नाव निघतं, त्याची तयारी ठेवा.

'शुभेच्छुक' फ्लेक्सचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो, कारण पैशाचा खेळ तिथं चालतो. ब वर्गाच्या नगरपरिषदेत सदस्यपदाच्या उमेदवाराला साडेतीन लाखांची खर्चमर्यादा आहे. चौकातले वीस फ्लेक्स मित्रमंडळानं 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' म्हणून लावले की ते हिशेबात येत नाहीत, असा समज आहे. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्यानं प्रचाराच्या जाहिरातीवर खर्च केला तर न्याय संहितेचं कलम १७६ लागतं, दहा हजारांपर्यंत दंड. (त्यात दहा रुपयांच्या आतल्या खर्चाला सवलत आहे, दहा रुपये! हल्ली कटिंगसुद्धा येत नाही.) तेव्हा वहिनींच्या प्रेमापोटी कुणी काही लावत असेल तर आधी लेखी परवानगी द्या आणि तो खर्च रोजच्या हिशेबात धरा. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो, निवडून आलात तरी आणि पडलात तरी. फ्लेक्स परवानगीच्या जागीच लावा. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा कायदा १९९५पासून आहे, आणि बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाचा २०१७चा निकालही आहे. झाडाला खिळे ठोकलेले दिसले तर मी तरी मत देत नाही.

गावातल्या साप्ताहिकाचा माणूस 'पॅकेज' घेऊन येईलच. मुलाखत, फोटो, 'विजय निश्चित' असा मथळा, सगळं बातमीसारखं दिसणारं. २००९च्या विधानसभेत याच प्रकारावरून एवढं रान उठलं की २०१०मध्ये प्रेस कौन्सिलला अहवाल काढावा लागला. जागा विकत घ्या, काही वाईट नाही त्यात, पण वर ठळक 'जाहिरात' छापून घ्या आणि बिल घ्या.

तक्रार भारत निवडणूक आयोगाकडे पाठवू नका, ती तिथून परत फिरते. तुमच्या नगरपरिषदेच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्या. मूळ पत्रक, ते कुठे नि कधी मिळालं, ज्याच्या घरी टाकलं त्याचा जबाब, हे सगळं जोडा आणि पोच घ्या.

शेवटचं, धंद्यातलं. पत्रकावर वहिनींचं नाव मतदान यंत्रावर येणार आहे तसंच्या तसं घाला, नुसतं 'ताई' नको. आणि प्रूफ छापखान्यात उभ्यानं वाचू नका, घरी नेऊन वडिलांना वाचायला द्या.