क्लासिक गाडीत जुन्या रेडिओच्या जागी नवा कोणता बसवावा?

ब्रँड नंतर, आधी गाडीची वायरिंग बघा. बॅटरी ६ व्होल्टची आहे की १२ ची, आणि अर्थिंग पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक गाडीच्या बॉडीला जोडलंय? १९६० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या असत. त्यांत आजचा सेट थेट जोडला तर जळू शकतो.

मग डॅशबोर्डचं माप. आजचा सिंगल डिन (कार रेडिओचं ठरलेलं प्रमाण माप) सेट साधारण १८० × ५० मिमीचा. जुन्या पॅनेलला मात्र मधे छोटी चौकट आणि दोन्ही बाजूंना नॉबची भोकं. तिथे कृपया करवत लावू नका! कापलेला मूळ डॅश पुन्हा तसा होत नाही. नॉबमधलं अंतर मोजून दोन नॉबवाला, ब्लूटूथचा रेट्रो सेट घ्या. मूळ रेडिओ शाबूत असेल तर मी त्याच्याच पोटात ब्लूटूथ बसवून घेईन.