आधी वार करावा का?

प्रश्न : फादर, शत्रू हल्ला करेल अशी भीती आहे, शिवाय आपलं तेलही तिकडूनच येतं. मग ख्रिस्ती राष्ट्राने आधीच वार केला तर चुकलं कुठे?

उत्तर : 5 मार्च 2003, राखेचा बुधवार, म्हणजे आपल्या उपवासकाळाचा पहिला दिवस. त्याच दिवशी पोपचे दूत कार्डिनल पिओ लाघी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांना सांगून आले, इराकवर चालून जाऊ नका. पंधरा दिवसांत बॉम्ब पडले. इराककडच्या ज्या महासंहारक शस्त्रांची भीती घातली होती, ती काही सापडली नाहीत.

कॅथलिक चर्चचं धर्मशिक्षणाचं पुस्तक म्हणतं, शस्त्र उचलायचं तर आक्रमकाकडून होणारी हानी गंभीर, टिकाऊ आणि निश्चित हवी. निश्चित, बरं का. नुसता संशय नव्हे.

आणि तेल? बायबलमधली गोष्ट आहे. इस्राएलच्या अहाब राजाला शेजारच्या नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, कशाला, तर भाजीपाला लावायला! मोबदलाही देत होता बिचारा. नाबोथ नाही म्हणाला. मग नाबोथावर खोटे साक्षीदार उभे राहिले, त्याचा जीव गेला आणि मळा राजाने घेतला.