छत थंड ठेवण्याचं तंत्र जळगावच्या शाळेत प्रदर्शनात मांडायचंय, पुन्हा वापरता येईल असं मॉडेल कसं करू?

एकाच मापाच्या दोन पेट्या करा, एकीच्या पत्र्याला चुना लावा, दुसरीचा जुना गंजका पत्रा तसाच ठेवा आणि दोन्हींत थर्मामीटर लावून दुपारी उन्हात मांडा. चुन्याचा पांढरा थर बरंचसं ऊन परतवतो, गंजका पत्रा ते शोषून आत सोडतो. थर्माकोल आणि गोंद कृपया टाळा. जुनं प्लायवूड स्क्रूने जोडा, छप्पर सुटं ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच पेटीवर धाब्याच्या घरासारखा मातीचा थर किंवा ओलं गोणपाट दाखवता येईल. गोणपाटाचा गारवा खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात छान कळतो, पावसाळी दमट हवेत फारसा नाही. मात्र पेटीत दिसलेला फरक घरातही तेवढाच पडेल असं फलकावर लिहू नका. लहान पेटी झटकन तापते, घराच्या जाड भिंती सावकाश.