अमेरिकेत एवढ्या सोयी असताना लॅटिना (लॅटिन अमेरिकन घरातल्या) मुलींना एरोस्पेस इंजिनिअर होणं अवघड का जातं?

सोयी आहेत हो, नाही कोण म्हणतंय, पण सोय आहे हे घरात कुणाला तरी माहीत असायला लागतं, खरी गोम तिथेच आहे. मी टेक्सासमध्ये एका युनिव्हर्सिटीत टीए, म्हणजे प्रोफेसरचा शिकवणीतला मदतनीस होतो, लॅबच्या बॅचमध्ये मेक्सिकन घरातल्या बऱ्याच मुली असायच्या, त्यातली एक चांगली ओळखीची झाली म्हणून तिच्यावरूनच सांगतो. वडिलांचं ट्रेलर बनवायचं छोटं वर्कशॉप, आई ऑफिसांच्या साफसफाईची कामं करायची, दोघांची शाळा अर्धवट सुटलेली. घरातून कॉलेजला गेलेली ही पहिलीच.

डोक्याने ती कुठेच कमी नव्हती. पण तिकडे एफएएफएसए नावाचा फॉर्म भरल्याशिवाय सरकारची पेल ग्रँट मिळत नाही, २०२४-२५ ला ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती आणि सहसा परत फेडायची नसते, म्हणजे अशा घरासाठी मोठीच रक्कम. त्यात आईवडिलांच्या टॅक्सची सगळी माहिती लागते आणि हिने तो एकटीने बसून भरलेला, कारण घरात इंग्लिश वाचणारी तीच. कॉलेजात आली तरी ते काम सुटलं नाही. लॅबमध्ये विंड टनेल (वारा सोडून चाचणी घ्यायचा बोगदा) चालू असताना फोन वाजायचा, आईला दवाखान्याची अपॉइंटमेंट हवीय आणि समोरचा माणूस इंग्लिशच बोलतोय, मग ही खांद्याने फोन कानाशी धरून दोघांच्या मधे दुभाषी आणि हाताने पिटो ट्यूबची (हवेचा वेग मोजायच्या नळीची) प्रेशर रीडिंग वहीत उतरवतेय. बाकीच्यांना वाटायचं हिचं लक्षच नाही. वही तपासायला मी होतो, आकडे बरोबर असायचे.

दुसरं म्हणजे कुणी न सांगितलेले नियम. पुढच्या उन्हाळ्यात मोठ्या कंपनीत इंटर्नशिप हवी तर बऱ्याच ठिकाणी अर्ज आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच टाकावा लागतो. ज्याचा बाप इंजिनिअर आहे त्याला हे जेवताना कळतं, हिला पहिल्या वर्षी मार्चमध्ये कळलं. ऑफिस अवर्सला, म्हणजे शंका विचारायच्या ठरलेल्या वेळेत, प्रोफेसरकडे गेलो तर आपण ढ ठरू असंही तिला वाटायचं. मग तिला एसएचपीईच्या सीनियर मुली भेटल्या, ही १९७४ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेली हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषिक मुळाच्या, इंजिनिअरांची संघटना, बऱ्याच कॉलेजात तिची शाखा असते. त्यांनी रेझ्युमे बघितला तर वडिलांच्या वर्कशॉपचा उल्लेखच नाही! अगं बाई, तुला वेल्डिंग येतं आणि ते लिहीत नाहीस? पुढे रॉकेट क्लबच्या इंजिन टेस्ट स्टँडचं काम तिच्याकडेच आलं, टीममधल्या अर्ध्या पोरांनी तोवर हातात ग्राइंडर धरलेला नव्हता.

समोर उदाहरणं नाहीत असं अजिबात नाही. एलेन ओचोआ १९९३ मध्ये डिस्कव्हरी यानातून अंतराळात गेली, ती पहिली हिस्पॅनिक महिला, आणि पुढे ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरची डायरेक्टर झाली. डायना त्रुहियो तर १७ व्या वर्षी ३०० डॉलर घेऊन कोलंबियातून मायामीला आली, लोकांची घरं साफ करत कम्युनिटी कॉलेज केलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये पर्सिव्हरन्स रोव्हर मंगळावर उतरताना नासाचा स्पॅनिश लाइव्ह कार्यक्रम तिनेच सांगितला. आमच्या लॅबमधल्या त्या मुलीने तो आपल्या आईला मुद्दाम बसवून दाखवला. आई तरी शेजारणींना अजून सांगते, मुलगी विमानं दुरुस्त करते.

तिला नोकरी दुसऱ्या राज्यात लागली तेव्हा लग्नाआधी पोरगी घर सोडणार म्हणजे काय यावरून जे रामायण झालं ते ऐकून मला वाटलं मी मिरजेतच बसलोय.

आता एक गोष्ट जी इथल्या उत्तरांमध्ये कुणी लिहीत नाही. रॉकेट, सॅटेलाइटच्या बहुतेक कामांना आयटार नावाचा कायदा लागतो, तिथे सिटिझन, ग्रीन कार्डवाले किंवा आश्रय मिळालेलेच सहसा चालतात, म्हणून आम्ही एफ-१ वाले, म्हणजे स्टुडंट व्हिसावर आलेले, बाहेर, मी स्वतः शेवटी गाड्यांच्या कंपनीत गेलो. ही मुलगी टेक्सासमध्ये जन्मलेली त्यामुळे तिला अडचण आली नाही, पण लहानपणी आईवडिलांसोबत कागदपत्रांशिवाय आलेली, डाका (डीएसीए) नावाच्या सरकारी सवलतीवर राहणारी मुलं त्याच वर्गात असतात, त्यांना वर्क परमिट असूनही हीच अडचण येते, आणि कित्येकांना ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी पहिला अर्ज भरताना कळतं. त्यामुळे तुमच्या ओळखीत कुणी लॅटिना मुलगी या लाइनला जायचं म्हणत असेल तर मार्कांच्या आधी तिच्या कागदपत्रांचं विचारा.