बास्केटबॉलमध्ये डिफेन्स चौथ्या क्वार्टरपर्यंत टिकवायचा तर

टीम पहिल्या क्वार्टरला वाघ, तिसऱ्याला शेळी! नवीन कोचची ही तक्रार ठरलेलीच असते, त्यामुळे घाबरू नका. सध्या एवढंच धरा:

१. नुसतं "जोर लावा" ओरडून काही होत नाही, नेमकं सांगा. गुडघे वाकलेले, हात वर. पास सुटला की बॉल हवेत असतानाच पाचही जणांनी सरकायचं, पोचल्यावर नाही. चार विरुद्ध चार शेल ड्रिल (चौघं पास फिरवतात, चौघं त्याप्रमाणे सरकत डिफेन्स करतात) यासाठी पुरेसं आहे. वेळ 24 सेकंद, पण रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) हातात आल्याशिवाय ड्रिल संपलं असं समजायचं नाही. पोरं ढिली पडतात ती शॉट उडाल्यावरच.

२. बोलायला लावा. दमलेली टीम आधी गप्प होते, मग उभी राहते. गप्प झाली की खेळाडू बदला, पाचव्या फाउलवर तो बाहेर जाईपर्यंत वाट बघू नका.

डिफेन्स चुकला म्हणून शिक्षेच्या फेऱ्या मारायला लावू नका. मी सुरुवातीला तेच करायचो; पोरं डिफेन्सच्या नावानेच तोंड वाकडं करायला लागली. आणि फुल कोर्ट प्रेस, म्हणजे पूर्ण कोर्टभर समोरच्यांना घेरणं? या सीझनला विसरा.