‘हाफ क्रिम्प’ला अर्धी मूठ म्हणावं का?

परतवाड्याजवळच्या एका गावातून विचारणा आली आहे. तिथली चार-पाच मुलं चिखलदऱ्याच्या वाटेवरच्या कातळांवर चढायचा सराव करतात आणि घरी चौकटीवर ठोकलेल्या लाकडी पट्टीला लोंबकळून बोटांत जोर आणतात. कातळ बोटांनी धरायच्या पकडींना व्हिडिओत असलेले ‘हाफ क्रिम्प’, ‘फुल क्रिम्प’, ‘ओपन हँड’, ‘पिंच’ हे शब्द त्यांनी ‘अर्धी मूठ’, ‘पूर्ण मूठ’, ‘उघडा हात’, ‘चिमूट’ असे करून घेतले आहेत. हे बरोबर आहे का, आणि सरावाला यातली कोणती पकड निवडावी?

‘मूठ’ मात्र नको. मूठ म्हटली की बोटं तळहाताला टेकतात आणि अंगठा वरून बसतो. वखराच्या रुमण्याला धरतो तशी. पट्टीवर तळहात लागतच नाही, टेकतं ते बोटाचं शेवटचं पेर. मी शेजारच्या मुलाला टेबलाच्या कडेवर बोटं ठेवायला सांगितली आणि ‘अर्धी मूठ कर’ म्हटलं. क्षणात त्याचा अंगठा तर्जनीवर चढला, टोकाचे सांधे पाठीकडे उलटे वाकले, नखं पांढरी पडली. म्हणजे झाली ती ‘फुल क्रिम्प’, जी सरावात सगळ्यात कमी हवी. शब्दानंच त्याचा हात चुकवला.

का कमी हवी, तेही सांगतो. बोटांत वाकवणारे स्नायू नसतातच, ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात असतात. तिथून कंडरा बोटांत येतात आणि नेफ्यातून नाडी जावी तशा हाडाला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखालून जातात. मधला सांधा जितका जास्त मुडपला, तितकी ताणलेली कंडरा हाडापासून सुटू पाहते आणि तो ओढा या पट्ट्यांवर येतो. मुळाच्या पेरावरची पट्टी फाटणं ही कातळ चढणाऱ्यांची नेहमीची दुखापत आहे. या पट्ट्यांना इंग्रजीत ‘पुली’ म्हणतात म्हणून ‘कप्पी’ लिहू नका. इथे काहीच फिरत नाही.

मग नावं काय? मी बोटाचा आकार पाहून सुचवतो. ‘ओपन हँड’ला आकडी. चिंचेची फांदी ओढायची आकडी डोळ्यांपुढे आणा. बोटं जवळजवळ सरळ, फक्त टोकाला वळलेली, अंगठा मोकळा. ‘हाफ क्रिम्प’ला गुण्या, सुताराचा. मधला सांधा काटकोनात, अंगठा बाजूला. ‘गुण्यात धर’ म्हटलं की आपल्याकडच्या कुठल्याही पोराला कळतं. ‘फुल क्रिम्प’ला अंगठाकुलूप. आणि ‘पिंच’ला चिमूट नव्हे, चिमटी. चिमूट हे हळदी-मिठाचं माप आहे. वस्तू धरतो ती चिमटीत.

‘पकड’ या शब्दाबद्दल शंका नको. कुस्तीत आहे, रागसंगीतात आहे, मेकॅनिकच्या पेटीत तर आहेच. ती पकड, अनेकवचन पकडी.

निवडीचं म्हणाल तर ज्या कोनात बोटं कसाल, जोर मुख्यतः त्याच कोनाच्या आसपास वाढतो. म्हणून एकीवर भागत नाही. माझा कल गुण्या आधी, जोडीला आकडी, असा आहे. चिमटीत अंगठ्याचं काम वेगळं, ती निराळी कसावी लागते. अंगठाकुलूप कातळावर बारीक कंगोरा आला की लागतं, पण ते आधीच्या दोन्ही पकडी पक्क्या झालेल्यांनी, थोडंच करावं. लहानग्यांना तर पट्टीला लोंबकळू देऊच नका. वाढत्या वयात बोटांच्या हाडांची टोकं कोवळी असतात आणि अशा ताणानं मधल्या सांध्यापाशी तडकू शकतात. त्यांना झाडावर चेंगू द्या.

हो, ‘चेंगणे’. पुण्याकडच्या माणसाला हा शब्द ऐकून काहीतरी चिरडल्यासारखं वाटतं. वऱ्हाडात मात्र झाडावर, छपरावर, कातळावर माणूस चेंगतो. ‘क्लायंबिंग’ला शब्द शोधत बसण्यापेक्षा हा वापरा, घरचा आहे.

सरावाची वही ठेवत असाल तर नोंद अशी करा: ‘गुण्या, २० मिमी पट्टी, १० सेकंद, ५ वेळा, मध्ये ३ मिनिटं विसावा.’ खाली त्या दिवशी कुठलं बोट दुखलं ते, आणि कितव्या पेरात.